जैवइंधन निर्मितीच्या देखरेखीसाठी प्रकाशीय तंतू संवेदक : एक चिकित्सक आढावा

गोषवारा

जैवडिझेल व इथेनॉल यांच्या निर्मितीप्रक्रियेवर प्रत्यक्ष प्रक्रिया चालू असतानाच देखरेख ठेवण्यासाठी प्रकाशीय तंतू संवेदकांचा उपयोग करावा, असा विचार गेल्या अडीच दशकांत सातत्याने मांडला गेला आहे. या संशोधनाचा मोठा भाग द्रवाच्या अपवर्तनांकावर आधारलेला आहे. अपवर्तनांक सूक्ष्मतेने मोजता येतो. परंतु तो कोणत्या घटकामुळे बदलला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात या मर्यादेची संख्यात्मक चिकित्सा केली असून, संवेदकाचे मूल्यमापन संवेदनशीलतेऐवजी निवडक्षमतेच्या निकषावर व्हावे, असे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

सन १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. वनस्पती तेल आणि इंजिन यांचे नाते अशा रीतीने डिझेल इंजिनाइतकेच जुने आहे. तथापि वनस्पती तेलाची विष्यंदता खनिज डिझेलच्या अनेक पट असल्यामुळे ते आधुनिक इंजिनात जसेच्या तसे वापरणे हितावह ठरत नाही. तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे मिथिल एस्टरमध्ये रूपांतर करणे, हा त्यावरील सर्वमान्य उपाय होय. या एस्टरलाच जैवडिझेल असे म्हणतात. पेट्रोलच्या बाबतीत हेच स्थान साखर, मळी किंवा धान्य यांच्या किण्वनातून मिळणाऱ्या इथेनॉलचे आहे.

भारतात या विषयाला धोरणात्मक महत्त्व प्राप्त झाले ते विशेषतः २००१ नंतर. त्या वर्षी पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे हाती घेण्यात आले. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफावर भर देणारा जैवइंधनविषयक अहवाल सादर केला. २००९ व २०१८ या वर्षी राष्ट्रीय जैवइंधन धोरणे जाहीर झाली. २०१८ च्या धोरणातील २०३० पर्यंत २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट पुढे अलीकडे आणण्यात आले आणि २०२५ मध्ये ते गाठले गेल्याचे शासनाने जाहीर केले. जैवडिझेलच्या क्षेत्रात मात्र जट्रोफाकडून अपेक्षाभंग झाला. २०१९ पासून तेल कंपन्यांनी तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बनविलेल्या जैवडिझेलच्या खरेदीकडे लक्ष वळविले.

इंधनाचे प्रमाण वाढले की गुणवत्तेची जबाबदारीही वाढते. मोठ्या कारखान्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा असते. लहान उत्पादकाकडे ती नसते. गुणवत्तेच्या कसोटीत न उतरलेला माल परत आला, तर त्याचा भार लहान उत्पादकालाच प्रामुख्याने सोसावा लागतो. त्यामुळे स्वस्त, सुरक्षित व जलद मोजमापाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही. प्रकाशीय तंतू संवेदक या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आले आहेत. हे उत्तर कितपत पुरे पडते, हे तपासणे आवश्यक आहे.

निर्मितीप्रक्रियेची मोजमापाविषयीची गरज

कोणत्याही संवेदकाची चर्चा संवेदकापासून नव्हे, तर प्रक्रियेपासून सुरू व्हावयास हवी. जैवडिझेलच्या निर्मितीत तेलाचा एक रेणू व मिथेनॉलचे तीन रेणू यांच्यापासून एस्टरचे तीन रेणू व ग्लिसरॉलचा एक रेणू तयार होतो. अभिक्रिया पुढे सरकावी म्हणून व्यवहारात मिथेनॉल दुप्पट, म्हणजे एकास सहा या प्रमाणात घेतले जाते. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि तापमान साधारणतः ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते. रूपांतर एका झटक्यात होत नाही. ट्रायग्लिसराइडपासून प्रथम डायग्लिसराइड, नंतर मोनोग्लिसराइड आणि शेवटी ग्लिसरॉल, अशा पायऱ्यांनी ते घडते.

या प्रक्रियेत उत्पादकाला तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पहिला प्रश्न आरंभीचा : आलेल्या तेलात पाणी व मुक्त मेदाम्ले किती आहेत? ही दोन्ही अधिक असल्यास उत्प्रेरक खर्ची पडतो, साबण तयार होतो आणि थर वेगळे होत नाहीत. दुसरा प्रश्न मधला : रूपांतर कुठवर आले आहे आणि अभिक्रिया कधी थांबवावी? तिसरा प्रश्न अखेरचा : धुऊन व वाळवून झालेले इंधन मानकात बसते काय?

तिसऱ्या प्रश्नाची काटेकोरता लक्षात घेण्यासारखी आहे. युरोपीय मानक ईएन १४२१४ नुसार एस्टरचे प्रमाण किमान ९६.५ टक्के, पाणी कमाल ५०० मिलिग्रॅम प्रतिकिलोग्रॅम, मिथेनॉल कमाल ०.२० टक्के, मुक्त ग्लिसरॉल कमाल ०.०२ टक्के आणि एकूण ग्लिसरॉल कमाल ०.२५ टक्के असावे लागते. भारतीय मानक आयएस १५६०७ ची चौकटही याच धर्तीची आहे. ग्लिसरॉल व ग्लिसराइडे मोजण्यासाठी वायू वर्णलेखन ही मान्य पद्धती आहे. परंतु तीत नमुन्यावर आधी रासायनिक संस्कार करावे लागतात, उपकरण महाग असते आणि ते हाताळणारा प्रशिक्षित माणूस लागतो. अल्कली उत्प्रेरकासह होणारी अभिक्रिया सुमारे तासाभरात आटोपते. अहवाल हाती येईपर्यंत निर्णयाची वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच प्रक्रियेच्या पात्रातच बसविता येईल अशा संवेदकाची गरज खरी आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

तंतू संवेदकांचे दोन मार्ग

१९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचतंतूतून दूरवर संदेशवहन शक्य असल्याचे सैद्धान्तिक प्रतिपादन केले आणि १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी असा तंतू प्रत्यक्ष तयार केला. दूरसंचारासाठी झालेल्या या प्रगतीचे उपफळ म्हणून संवेदकांचे क्षेत्र विकसित झाले. जैवइंधनाच्या संदर्भात या संवेदकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात.

पहिल्या वर्गात तंतू हाच संवेदक असतो. तंतूच्या गाभ्यात प्रकाश बंदिस्त असतो. परंतु क्लॅडिंग काढून टाकले, तंतू ताणून बारीक केला किंवा त्यात दीर्घ आवर्तनाचे ग्रेटिंग कोरले, तर प्रकाशाचा काही भाग बाहेरील द्रवाशी संपर्कात येतो. द्रवाचा अपवर्तनांक बदलला की प्रकाशाची तीव्रता अथवा अनुनादाची तरंगलांबी बदलते. दुसऱ्या वर्गात तंतू हा केवळ प्रकाशाचा वाहक असतो. एका तंतूने प्रकाश द्रवापर्यंत न्यायचा, दुसऱ्याने परत आणायचा आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला, हे वर्णपटमापकाने पाहायचे. पहिला मार्ग साधा व स्वस्त आहे. दुसरा तुलनेने खर्चिक आहे. महाविद्यालयीन व विद्यापीठीय प्रयोगशाळांचा कल स्वाभाविकच पहिल्या मार्गाकडे असतो. त्या मार्गाची चिकित्सा त्यामुळे अधिक तपशिलाने करणे अगत्याचे ठरते.

अपवर्तनांकाचे आकर्षण आणि त्याची मर्यादा

सोयाबीन तेलाचा अपवर्तनांक २५ अंश तापमानास सुमारे १.४७३ असतो, त्यापासून बनलेल्या मिथिल एस्टरचा सुमारे १.४५५. म्हणजे तेलाचे पूर्ण एस्टर होईपर्यंत अपवर्तनांकात सुमारे ०.०१८ इतकी घट होते. आधुनिक तंतू संवेदक यापेक्षा कितीतरी सूक्ष्म बदल टिपू शकतो. या एका तुलनेवरून काम सोपे असल्याचा समज होतो आणि पुष्कळशा शोधनिबंधांचा आरंभ याच तुलनेने होतो. परंतु पुढील ढोबळ हिशेब केल्यास चित्र बदलते.

एकूण फरक ०.०१८ असेल, तर रूपांतरातील एका टक्क्याच्या वाट्याला ०.०००१८ येतो. तेल व एस्टर यांचा अपवर्तनांक तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.०००४ ने घटतो. याचा अर्थ असा की, तापमानातील अर्ध्या अंशाचा फरक हा रूपांतरातील एका टक्क्याएवढाच दिसतो. ढवळणी चालू असलेल्या, बाहेरून वाफेने तापविलेल्या पात्रात सर्वत्र अर्ध्या अंशाच्या आत तापमान राखणे सहजसाध्य नाही. संवेदकाजवळ तापमापक बसवून दुरुस्ती करता येते, हे खरे. पण मग मोजमापाची अचूकता त्या तापमापकाच्या अचूकतेवर आणि तो नेमका किती जवळ आहे यावर अवलंबून राहते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ग्लिसरॉलचा अपवर्तनांकही सुमारे १.४७३ आहे, म्हणजे जवळजवळ मूळ तेलाएवढाच. त्यामुळे न बदललेले तेल आणि वेगळे न झालेले ग्लिसरॉल यांतील भेद अपवर्तनांकाला कळत नाही. उत्पादकाच्या दृष्टीने मात्र हे दोन सर्वस्वी भिन्न दोष आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे अभिक्रिया पुढे चालविणे आणि दुसऱ्यावर उपाय म्हणजे थर नीट बसू देणे व धुणे. मुक्त ग्लिसरॉलची ०.०२ टक्के ही मर्यादा घेतली, तर तिच्यामुळे होणारा अपवर्तनांकातील बदल एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढ्या तापमानबदलाने झाकला जातो.

तिसरी मर्यादा परस्परविरोधी दोषांची आहे. मिथेनॉलचा अपवर्तनांक १.३२९ इतका कमी आहे. इंधनात ०.२ टक्के मिथेनॉल राहिल्यास अपवर्तनांक सुमारे ०.०००२५ ने उतरतो. याउलट सुमारे दीड टक्का न बदललेले तेल राहिल्यास तो जवळपास तेवढाच चढतो. दोन्ही दोष एकाच नमुन्यात असतील, तर ते एकमेकांना झाकतात आणि संवेदक निर्दोष इंधनाचा आकडा दाखवितो. उपकरण कितीही संवेदनशील केले तरी हा दोष दूर होत नाही; कारण त्रुटी उपकरणाची नसून मोजण्यासाठी निवडलेल्या राशीची आहे. एका समीकरणातून तीन अज्ञात राशी काढता येत नाहीत, हे गणित येथे जसेच्या तसे लागू पडते.

चौथी मर्यादा कच्च्या मालाची. ४० अंश तापमानास खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४४८ ते १.४५० आणि सोयाबीन तेलाचा १.४६६ ते १.४७० असतो. दोन तेलांतील हा फरक सोयाबीन तेलाच्या संपूर्ण रूपांतरात होणाऱ्या बदलाएवढा आहे. एकाच शुद्ध तेलावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला याची झळ लागत नाही. तळणीचे वापरलेले तेल गोळा करणाऱ्या उत्पादकाच्या पिंपात मात्र आज पामतेल अधिक असेल, तर उद्या सोयाबीन किंवा सूर्यफूल. शिवाय वारंवार तापविल्याने तेलाचे ऑक्सिडीभवन व बहुवारिकीकरण होऊन त्याचा अपवर्तनांक वाढतो. एका तेलावर केलेले अंशांकन दुसऱ्या पिंपाला लागू पडत नाही. ज्या उत्पादकाला स्वस्त संवेदकाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच कच्च्या मालाबाबत तो सर्वाधिक निरुपयोगी ठरावा, ही या संशोधनातील खरी विसंगती होय.

यात तंतूच्या घडणीतून आलेली एक अडचण भर घालते. तंतूचे क्लॅडिंग सिलिकाचे असते व त्याचा अपवर्तनांक दृश्य प्रकाशात सुमारे १.४५८ आहे. दीर्घ आवर्तनाच्या ग्रेटिंगची संवेदनशीलता बाहेरील द्रवाचा अपवर्तनांक या मूल्याच्या किंचित खाली असताना सर्वाधिक असते. तो वर गेल्यास ग्रेटिंगचे वर्तन पालटते आणि तरंगलांबीच्या सरकण्याऐवजी अनुनादाच्या खोलीवर विसंबावे लागते. जैवडिझेल या सीमेच्या अगदी लगत आणि तेल तिच्या पलीकडे आहे. म्हणजे अभिक्रिया चालू असतानाच संवेदक एका कार्यपद्धतीतून दुसऱ्या कार्यपद्धतीत जातो. तयार जैवडिझेल तपासताना ही जवळीक उपकारक ठरते. संपूर्ण अभिक्रियेवर देखरेख ठेवताना तीच अडसर होते.

कुरितिबा येथील प्रयोग

अपवर्तनांकाच्या मार्गाने झालेल्या प्रामाणिक कामाचे उदाहरण म्हणून ब्राझीलमधील कुरितिबा येथील संशोधकांनी २००७ मध्ये ‘किमिका नोव्हा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा उल्लेख करावा लागेल. ब्राझीलमध्ये २००८ च्या जानेवारीपासून डिझेलमध्ये २ टक्के जैवडिझेल मिसळणे सक्तीचे होणार होते. त्यामुळे विषयाला निकड होती. शुद्ध जैवडिझेल व बाजारातील सोयाबीन तेल यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणे करून, त्यांतील तेलाचे प्रमाण दीर्घ आवर्तनाच्या ग्रेटिंगने मोजण्यात आले. तेलाच्या प्रमाणातील त्रुटी जैवडिझेलच्या टोकाला ०.४ टक्के आणि तेलाच्या टोकाला २.६ टक्के इतकी आढळली. वर सांगितलेल्या सीमेच्या अडचणीशी हे दोन आकडे सुसंगत आहेत.

या निबंधाची जमेची बाजू अशी की, संवेदकाचे निष्कर्ष एकूण ग्लिसरॉल, विष्यंदता, घनता आणि चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट अशा स्वतंत्र पद्धतींशी ताडून पाहिले गेले. अनेक तंतू संवेदकविषयक लेखांत ही शिस्त आढळत नाही. तथापि त्यातील नमुने हे दोन तयार द्रवांची मिश्रणे होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. अर्धवट झालेल्या अभिक्रियेतील द्रव म्हणजे तेल व एस्टर यांचे मिश्रण नव्हे. त्यात डायग्लिसराइड, मोनोग्लिसराइड, मिथेनॉल, ग्लिसरॉल, साबण व उत्प्रेरक हे सर्व एकत्र असतात. मिथेनॉल तेलात विरघळत नसल्यामुळे आरंभी तर तो एकजिनसी द्रवही नसतो. तंतूच्या टोकाशी त्या क्षणी तेलाचा थेंब आहे की मिथेनॉलचा, यावर वाचन अवलंबून राहते. सदर निबंध गुणवत्ता नियंत्रणाविषयी आहे आणि त्या मर्यादेत तो निर्दोष आहे. अशा निष्कर्षांवरून निर्मितीच्या देखरेखीविषयी विधाने केली जातात, तेव्हा मात्र पुराव्याची मर्यादा ओलांडली जाते.

वर्णपटाचा मार्ग

दुसऱ्या मार्गाचे महत्त्वाचे उदाहरण याहून जुने आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेतील गेरहार्ड नोथ यांनी १९९९ मध्ये तंतूच्या शलाकेसह निकट अवरक्त वर्णपटाचा उपयोग करून अभिक्रियेवर देखरेख ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. मिथिल एस्टरचे शोषण ६००५ आणि ४४३० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास वेगळे दिसते, तर मूळ तेलात तेथे केवळ खांदा आढळतो. येथे संकेत विशिष्ट रासायनिक बंधाशी निगडित असल्यामुळे ग्लिसरॉल व तेल यांची गल्लत होत नाही.

नोथ यांच्या लेखनातील वैज्ञानिक संयम विशेष उल्लेखनीय आहे. मानकात अपेक्षित असलेल्या अल्प प्रमाणातील ग्लिसरॉल व ग्लिसराइडे मोजण्याइतकी ही पद्धती सूक्ष्म नाही, हे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. वायू वर्णलेखनाने निर्दोष ठरलेल्या इंधनाच्या वर्णपटाशी नव्या नमुन्याचा वर्णपट जुळला, तर तोही निर्दोष असावा, असे अनुमान काढता येते, एवढाच त्यांचा दावा होता. निकट अवरक्त पद्धती अखेरच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. अभिक्रिया कुठवर आली, या मधल्या प्रश्नाचे ती उत्तर देते. पद्धतीची मर्यादा तिच्या उपयोगाइतक्याच स्पष्टपणे सांगण्याचा हा पायंडा अनुकरणीय होय.

या मार्गालाही अडचणी आहेत. ४४३० प्रतिसेंटिमीटर म्हणजे सुमारे २२६० नॅनोमीटर. हा प्रदेश सिलिका तंतूच्या पारगम्यतेच्या काठावर येतो. तंतू लांब असल्यास ६००५ प्रतिसेंटिमीटर, म्हणजे सुमारे १६६५ नॅनोमीटरचा पट्टा अधिक भरवशाचा ठरतो. वर्णपटावरून प्रमाण काढण्यासाठी बहुचल सांख्यिकीचा आधार घ्यावा लागतो आणि कच्चा माल बदलला की प्रतिमान पुन्हा तपासावे लागते. तथापि येथे एकाच आकड्याऐवजी शेकडो तरंगलांबींवरील वाचने हाती असल्याने, अनेक अज्ञात राशी वेगळ्या करण्याची शक्यता तरी उपलब्ध असते.

इथेनॉलच्या निर्मितीतील प्रश्न

महाराष्ट्राच्या दृष्टीने इथेनॉलचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. राज्यातील अनेक साखर कारखान्यांना आसवनी जोडलेली आहे. किण्वनात एका ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धान्तिकदृष्ट्या ०.५११ ग्रॅम इथेनॉल मिळते. प्रत्यक्ष उतारा त्याहून कमी असतो आणि तो किती कमी आहे, यावर आसवनीचे अर्थकारण अवलंबून असते. किण्वन मंदावले आहे की जंतुसंसर्गाने बिघडले आहे, हे लवकर कळणे म्हणूनच मोलाचे आहे.

येथेही अपवर्तनांकाचा मोह तसाच फसवा आहे. द्रावणातील साखर एका टक्क्याने घटल्यास अपवर्तनांक सुमारे ०.००१५ ने उतरतो आणि तिच्यापासून झालेले सुमारे अर्धा टक्का इथेनॉल तो सुमारे ०.०००३ ने चढविते. निव्वळ घट दिसते. पण ती साखर किती संपली व इथेनॉल किती झाले, हे स्वतंत्रपणे सांगत नाही. साखर संपली आणि तिच्यापासून इथेनॉलऐवजी आम्ल झाले, ही शक्यता उतारा घटविणारी असते आणि नेमकी तीच या वाचनातून निसटते. साखर कारखान्यातील रसायनज्ञाला हे नवीन नाही. किण्वन झालेल्या वॉशचा ब्रिक्स हा शिल्लक साखरेचा खरा आकडा नसतो, हे तो अनुभवाने जाणतो. म्हणूनच नमुना ऊर्ध्वपातित करून मद्यार्काचे प्रमाण स्वतंत्रपणे काढले जाते. प्रकाशीय तंतूने हाच ब्रिक्स अधिक दशांश स्थळांपर्यंत मोजला, तर माहितीत भर पडत नाही.

ऊर्ध्वपातनानंतरच्या टप्प्यात तर अपवर्तनांक दुहेरी अर्थाचा होतो. इथेनॉल व पाणी यांच्या मिश्रणाचा अपवर्तनांक वजनाने सुमारे ८० टक्के इथेनॉलपर्यंत वाढत जाऊन १.३६६ च्या आसपास पोहोचतो आणि नंतर उतरू लागतो. शुद्ध इथेनॉलचा अपवर्तनांक सुमारे १.३६१ आहे, निम्मे पाणी असलेल्या मिश्रणाचाही जवळपास तेवढाच. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असावे लागते, कारण मर्यादेपेक्षा अधिक पाणी असल्यास पेट्रोल व इथेनॉल यांचे थर वेगळे होतात. या टप्प्यावर खरा प्रश्न अल्प पाण्याचा असतो. पाण्याचा १९४० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषणपट्टा त्याचे थेट उत्तर देतो. अपवर्तनांक देत नाही.

मळीचा गडद रंग, वॉशमधील गाळ व यीस्ट पेशी आणि सतत उठणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे यांमुळे वर्णपटाच्या मार्गालाही किण्वन टाकीत अडथळे येतात. पारगमनाऐवजी परावर्तित प्रकाश मोजणे किंवा गाळलेल्या उपप्रवाहात संवेदक बसविणे, असे पर्याय शोधावे लागतात. ज्या प्रयोगात साखर, पाणी व इथेनॉल यांचे स्वच्छ द्रावण वापरलेले असते, त्याचे निष्कर्ष मळीच्या टाकीला लागू करणे धाडसाचे ठरते.

याच्या तुलनेत जैववायूचे उदाहरण बोलके आहे. मिथेनचा एक शोषणपट्टा १६५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सिलिका तंतूच्या उत्तम पारगम्यतेच्या प्रदेशात येतो. तंतूने प्रकाश वायूपर्यंत नेऊन केलेले हे मापन मिथेनपुरते विशिष्ट असते आणि उपकरण धोक्याच्या जागेपासून दूर ठेवता येते. तंत्र आणि गरज यांची सांगड येथे स्वाभाविकपणे जुळते.

सुरक्षितता व टिकाऊपणा यांविषयीचे दावे

तंतू संवेदकाच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. मिथेनॉलचा ज्वलनांक सुमारे ११ आणि इथेनॉलचा सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. अशा वातावरणात विद्युतप्रवाह न नेणारा संवेदक निश्चितच स्वागतार्ह होय. परंतु ठिणगी नाही म्हणजे धोकाच नाही, असे समीकरण मांडता येत नाही. तंतूतून जाणारा प्रकाश पुरेसा तीव्र असेल, तर तो एखाद्या कणावर शोषला जाऊन तो कण तापू शकतो. या धोक्याचा विचार करणारे आयईसी ६००७९-२८ हे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून अस्तित्वात आहे. सुरक्षिततेचा दावा करताना प्रकाशाची शक्ती किती होती, हे नमूद करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

टिकाऊपणाचा मुद्दाही असाच दुर्लक्षित राहतो. क्लॅडिंग काढलेला किंवा ताणून बारीक केलेला तंतू नाजूक असतो. ग्लिसरॉल, साबण आणि यीस्ट यांचा थर त्यावर चढला, की संवेदक द्रवाचा नव्हे, तर स्वतःवरील थराचा अपवर्तनांक मोजू लागतो. प्लास्टिकचा तंतू स्वस्त व चिवट असला, तरी अल्कोहोल व ६० अंशांचे तापमान त्याला मानवत नाही. काही मिनिटांच्या प्रयोगात या गोष्टी दिसत नाहीत. काही आठवड्यांच्या वापरात त्या टाळता येत नाहीत.

मूल्यमापनाचे निकष

या सर्व विवेचनातून एक प्रश्न उभा राहतो. मर्यादा इतक्या उघड असताना संशोधनाचा ओघ अपवर्तनांकाकडेच का राहिला? याचे एक कारण मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धतीत सापडते. अपवर्तनांकाच्या एककामागे तरंगलांबी किती सरकते, हा आकडा तुलनेला सोपा असतो. नव्या निबंधात तो जुन्यापेक्षा मोठा दाखविता आला, की प्रगती सिद्ध झाल्यासारखे वाटते. परंतु संवेदनशीलता हा संवेदकाचा गुण असला, तरी तो उपयुक्ततेचा पुरावा नव्हे. जो संवेदक सर्वच बदलांना सारखाच प्रतिसाद देतो, त्याची संवेदनशीलता दुप्पट केल्यास त्याचा गोंधळही दुप्पट होतो. उत्पादकाला हवी असते ती निवडक्षमता.

दुसरे कारण शाखांच्या भिंतींत आहे. तंतू संवेदक हा पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिकीचा विषय मानला जातो, जैवडिझेल रसायनशास्त्राचा आणि किण्वन सूक्ष्मजीवशास्त्राचा. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेला नमुना लागतो तेव्हा तो बाटलीतून येतो. एकाच महाविद्यालयात शेजारच्या विभागात मुक्त मेदाम्लांचे अनुमापन होत असते. पण दोन्ही आकडे एका तक्त्यात क्वचितच येतात. वास्तविक अशा संयुक्त कामासाठी फार मोठे अनुदान लागत नाही. निरनिराळ्या उपाहारगृहांतील वापरलेल्या तेलांचे नमुने, त्यांचे आम्लमूल्य व पाण्याचे प्रमाण, निरनिराळ्या तापमानांस संवेदकाची वाचने आणि आठवडाभरानंतर त्याच संवेदकाची पुनर्तपासणी, एवढे केले तरी निबंधाची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

संवेदकाची तुलना कशाशी केली, हेही तपासावयास हवे. तापमान मोजण्यासाठी ब्रॅग ग्रेटिंग वापरल्यास प्रत्येक अंशामागे तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते आणि ते वाचणारे उपकरण महाग असते. प्लॅटिनमचा साधा रोधक तापमापक तेच काम अल्प खर्चात करतो. एकाच तंतूवर अनेक ठिकाणी तापमान मोजायचे असेल, तर मात्र ब्रॅग ग्रेटिंगला खरा फायदा आहे. तंतूमुळे असे काय साधले जे अन्य मार्गाने साधले नसते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक निबंधात असले पाहिजे.

समारोप

प्रकाशीय तंतू संवेदकांना जैवइंधन निर्मितीत स्थान नाही, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ज्ञात घटकांच्या मिश्रणात एकाचे प्रमाण मोजणे, तयार मालाची जलद प्राथमिक चाळणी करणे, जैववायूतील मिथेन मोजणे आणि निकट अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने अभिक्रियेचा शेवट ओळखणे, या कामांसाठी त्यांची योग्यता आहे. अपवर्तनांकावर आधारलेला एकटा संवेदक मात्र संपूर्ण निर्मितीप्रक्रियेची देखरेख करू शकत नाही आणि मानकातील अल्प मर्यादांचा निवाडा तर मुळीच करू शकत नाही.

यापुढील संशोधनाने किमान तीन पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. तापमानाचा परिणाम स्वतंत्र परिशिष्टात न टाकता मुख्य निष्कर्षात धरावा. अंशांकन एका कच्च्या मालावर करून पडताळणी दुसऱ्यावर करावी. आणि निर्मितीविषयी विधान करावयाचे असल्यास नमुना प्रत्यक्ष प्रक्रियेतून घेतलेला असावा. शासनाच्या धोरणामुळे इंधनातील जैव घटकाचा वाटा वाढत आहे. त्याच्या गुणवत्तेचा भार लहान उत्पादकापासून सामान्य वाहनधारकापर्यंत अनेकांवर पडणार आहे. उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या उपकरणाने आकडा किती दशांश स्थळांपर्यंत दिला, यापेक्षा तो आकडा कशाचा आहे हे त्याला सांगता येणे अधिक महत्त्वाचे आहे.